स्वेटरवरील बदक

घरांतील मूल चार वर्षांचें झालें म्हणजे त्याला स्वेटरच्या उबेपेक्षां त्यावरील चित्राचें अगत्य अधिक वाटूं लागतें. छातीवर बदक मिरवावयास मिळणार असेल, तर तें स्वेटर आनंदानें चढवून घेतें. परंतु पुष्कळदां असें होतें कीं, महिनाभर खपून विणलेलें बदक बसकें दिसतें, किंवा स्वेटर डोक्यांतून उतरतच नाहीं. यांत दोष हाताचा नसून बहुधा हिशेबाचा असतो.

विणीचा टाका चौरस नसतो. त्याची रुंदी उंचीपेक्षां अधिक असते. मध्यम जाडीच्या लोकरीनें व आठ नंबरच्या सुयांनीं सामान्यतः एका इंचांत साडेपांच टाके आणि सात ओळी बसतात. म्हणजे सहा इंच रुंद व सहा इंच उंच बदकाला ३३ टाके आणि ४२ ओळी लागतील. साध्या चौकटींच्या कागदावर ३३ घरें रुंद व ३३ घरें उंच असें चित्र काढून तें विणलें, तर त्याची उंची पावणेपांच इंचांपलीकडे जाणार नाहीं. म्हणून त्याच लोकरीचा पांच इंचांचा तुकडा प्रथम विणावा, मधल्या चार इंचांतील टाके व ओळी मोजाव्या आणि मगच चित्र आंखावें. तें खालून वर वाचावयाचें असतें. सुलट ओळ उजवीकडून डावीकडे व उलट ओळ डावीकडून उजवीकडे.

यानंतर प्रश्न रंगाच्या धाग्यांचा. स्कॉटलंडच्या उत्तरेस शेटलंड बेटांपैकीं फेअर आइल नांवाचें एक लहानसें बेट आहे. तेथील पारंपरिक विणींत एका ओळींत दोनच रंग असतात, व जो धागा कामांत नसेल तो मागच्या बाजूनें पुढें नेतात. १९२२ सालीं ब्रिटनचे तत्कालीन युवराज एडवर्ड यांनीं गोल्फच्या मैदानावर असा स्वेटर घातला आणि त्याची टूम निघाली. लहान लहान आकृति पुनःपुन्हां येणाऱ्या नक्षीला ही रीत उत्तम. एकट्या बदकाला मात्र ती सोईची नाहीं. कारण येथें मागील धागा वीस-तीस टाके लोंबत राहतो. तो सैल असला तर स्वेटर घालतांना मुलाचीं बोटें त्यांत अडकतात. ओढून घेतला तर वीण आवळते व ताणली जात नाहीं.

यास्तव प्रत्येक रंगाच्या भागासाठीं लोकरीचा लहानसा निराळा गुंडा घ्यावा. जेथें रंग बदलतो तेथें जुना धागा सोडून नवा त्याच्या खालून उचलावा, म्हणजे दोहोंना पीळ बसतो. हा पीळ राहिला तर चित्राच्या कडेला भोंकें पडतात. डोळ्यासारखा एखादा टाका विणींत न घेतां मागाहून सुईनें भरणें सोपें.

शेवटीं गळा. चार वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर सुमारें वीस इंच असतो. तेवढा गळा ताणला गेला पाहिजे. म्हणून गळ्याचे टाके सैल बंद करावे, अथवा एका खांद्यावर दोन गुंड्या ठेवाव्या. शिवण्यापूर्वीं स्वेटर उलटा करून आंतून हात फिरवावा. लोक चित्र पाहतात तें समोरून. मुलाच्या अंगाला लागते ती मागची बाजू.