मणक्याच्या शस्त्रक्रियेचा ताळेबंद

कंबरेच्या मणक्यावर होणाऱ्या बहुतेक शस्त्रक्रिया दोनपैकी एका कामासाठी असतात. एक म्हणजे दबलेल्या नसेवरचा दाब काढणे. दुसरे म्हणजे दोन मणके स्क्रू, सळ्या आणि हाडाचे तुकडे घालून एकमेकांशी जखडणे व त्यांच्यातली हालचाल थांबवणे. घरात बोलताना दोन्हींना ‘मणक्याचे ऑपरेशन’ असेच म्हणतात, पण संशोधनाने या दोहोंना दिलेले गुण फार वेगळे आहेत. रुग्णाला कंबर जास्त त्रास देते की पाय, या साध्या प्रश्नावर पुढचे बरेच काही अवलंबून असते.

दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. तिचे बाहेरचे कडे चिवट आणि आतला गर मऊ असतो. कडे फाटले की गर मागे सरकतो आणि पायाकडे जाणाऱ्या नसेला टेकतो. मग कळ कंबरेत न राहता ढुंगण, मांडी, पोटरी अशी उतरत पावलापर्यंत जाते. हीच सायटिका. गादी सरकण्याचा आणि या दुखण्याचा संबंध बोस्टनच्या विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार या शल्यविशारदांनी 1934 मध्ये ठामपणे मांडला. तोवर नसेजवळ सापडणाऱ्या या गाठींना अनेकदा अर्बुद समजले जाई. त्यानंतर गादीचा सरकलेला भाग काढण्याची शस्त्रक्रिया जगभर रूढ झाली. तिचा फायदा नेमका किती, हे चिठ्ठ्या टाकून केलेल्या तुलनेने तपासायला मात्र जवळपास अर्धे शतक गेले.

हे काम नॉर्वेतील ओस्लोच्या हेन्रिक वेबर यांनी केले. शस्त्रक्रिया करावी की नाही याबद्दल खरोखर शंका होती अशा 126 रुग्णांची त्यांनी चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागणी केली आणि 10 वर्षे त्यांचा पाठपुरावा केला. 1983 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका वर्षानंतर शस्त्रक्रिया झालेला गट स्पष्टपणे पुढे होता. चौथ्या वर्षी हे अंतर इतके घटले की त्यावर भरवसा ठेवता येईना, आणि दहाव्या वर्षी दोन्ही गट सारखेच होते.

अशी तुलना का लागते, हे समजून घेतले पाहिजे. सायटिका बहुतेकांची आपोआप कमी होते. बाहेर आलेला गर शरीर हळूहळू शोषून घेते, आणि गर जितका मोकळा होऊन बाहेर पडलेला असतो तितकी तो विरघळण्याची शक्यता जास्त असते. शिवाय माणूस डॉक्टरकडे जातो तो दुखणे शिगेला पोचल्यावर. त्या दिवसानंतर इंजेक्शन, मालिश, पट्टा किंवा शस्त्रक्रिया असे काहीही केले तरी आराम पडण्याचाच संभव अधिक असतो, आणि श्रेय शेवटच्या उपायाला मिळते. यात रुग्ण खोटे बोलत नाही, डॉक्टरही नाही. दोघांनीही सुधारणा डोळ्यांनी पाहिलेली असते. ती उपचाराविना झाली असती का, एवढेच त्यांना दिसत नाही.

दुखणे मोजायचे कसे, हाही प्रश्न असतो. क्ष-किरणात स्क्रू सरळ दिसले म्हणजे रुग्ण बरा झाला असे नव्हे. यासाठी सर्वाधिक वापरली जाते ती इंग्लंडमधील ऑस्वेस्ट्री गावाच्या नावाने ओळखली जाणारी, 1980 मध्ये प्रसिद्ध झालेली प्रश्नावली. तिचे दहा भाग आहेत: वेदना किती, स्वतःची आंघोळ-कपडे जमतात का, ओझे उचलता येते का, चालणे, बसणे, उभे राहणे, झोप, लैंगिक जीवन, चारचौघांतला वावर आणि प्रवास. उभे राहण्याच्या भागात रुग्ण सांगतो की दुखण्यामुळे त्याला तासाभरापेक्षा, अर्ध्या तासापेक्षा की दहा मिनिटांपेक्षा जास्त उभे राहता येत नाही. झोपेच्या भागात सहा तास, चार तास, दोन तास अशा पायऱ्या आहेत. प्रत्येक भागाला 0 ते 5 गुण देऊन एकूण टक्केवारी काढतात. आकडा जितका मोठा तितकी अडचण मोठी, आणि साधारण 10 गुणांचा फरक पडला तर तो रुग्णाला जाणवतो. या प्रश्नावलीचे मराठी रूपही तपासून विश्वासार्ह ठरलेले आहे. ते आपल्याकडच्या दवाखान्यांत शस्त्रक्रियेआधी आणि नंतर नेमाने भरून घेतले जावे, इतके ते उपयोगी आहे.

या विषयावरचा सर्वात गाजलेला अभ्यास अमेरिकेत झाला. डार्टमथचे जेम्स वाइनस्टाइन यांच्या नेतृत्वाखाली 2000 साली सुरू झालेला ‘स्पोर्ट’ हा प्रकल्प 11 राज्यांतील 13 केंद्रांवर चालला. गादी सरकलेल्या 501 रुग्णांची विभागणी चिठ्ठ्यांनी झाली. पण माणसे चिठ्ठीबरहुकूम वागली नाहीत. शस्त्रक्रियेची चिठ्ठी निघालेल्यांपैकी निम्म्यांनीच तीन महिन्यांत ती करून घेतली. उलट, शस्त्रक्रियेविना राहायचे होते त्यांतल्या 30 टक्क्यांनी त्याच काळात ती करून घेतली. ज्यांना बरे वाटू लागले ते मागे हटले आणि ज्यांना सोसवेना ते पुढे आले, यात अनैसर्गिक काहीच नाही. मात्र त्यामुळे तुलना पातळ झाली. मूळ चिठ्ठीप्रमाणे हिशेब केला तर दोन्ही गट बरेच सुधारलेले होते आणि मुख्य मोजमापांतला फरक भरवशाचा ठरला नाही. प्रत्यक्षात कोणावर काय झाले असा हिशेब केला तर शस्त्रक्रिया झालेले ठळकपणे पुढे होते, पण ही निवड आता चिठ्ठीची नसून रुग्णांची स्वतःची होती. 2006 मध्ये हे आकडे प्रसिद्ध झाल्यावर दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीचा हिशेब उचलला.

अधिक स्वच्छ उत्तर पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधून आले. लायडन आणि हेग परिसरात 6 ते 12 आठवडे तीव्र सायटिका सोसत असलेल्या 283 रुग्णांचा अभ्यास विल्को प्यूल आणि सहकाऱ्यांनी केला. एका गटावर लवकर शस्त्रक्रिया करायची होती. दुसऱ्याने थांबायचे आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया करायची होती. थांबणाऱ्यांपैकी 39 टक्क्यांना पुढे शस्त्रक्रिया करावीच लागली, म्हणजे बाकीच्यांची ती टळली. वर्षाअखेर दोन्ही गटांत 95 टक्के रुग्णांनी आपण बरे झालो असे सांगितले. फरक होता तो वेगात. लवकर शस्त्रक्रिया झालेल्या गटात बरे वाटायला मध्यमानाने 4 आठवडे लागले आणि थांबणाऱ्यांना 12.

हे आठ आठवडे कोणाचे, यावर सारे ठरते. घरात बसून काम करता येणाऱ्याला ते निभावतात. रिक्षा चालवणाऱ्याला, हमाली करणाऱ्याला, पेरणीच्या तोंडावर अडकलेल्या शेतकऱ्याला ते परवडतीलच असे नाही. म्हणून दोन रुग्णांचे एमआरआय सारखे असले तरी दोघांचा निर्णय वेगळा, आणि तरीही बरोबर, असू शकतो. थांबण्यालाही मर्यादा आहे. कॅनडातील ओंटारिओ प्रांतातल्या लंडन शहरात 4 ते 12 महिने सायटिका रेंगाळलेल्या 128 रुग्णांवर झालेला अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर पायाच्या वेदनेचा दहापैकी आकडा शस्त्रक्रियेच्या गटात 2.8 होता आणि दुसऱ्या गटात 5.2. इतके महिने पाय दुखतच राहिला असेल तर शस्त्रक्रियेचा विचार पुढे ढकलण्यात अर्थ नाही.

नुसत्या कंबरदुखीचे चित्र वेगळे आहे. इथे नस दबलेली नसते, फक्त झिजलेली गादी चित्रात दिसते, आणि दोष तिच्यावर ठेवून मणके जखडले जातात. स्वीडनमध्ये 294 रुग्णांवर झालेल्या आणि 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेने वेदना 33 टक्के घटली, तर दुसऱ्या गटात 7 टक्केच. पण त्या दुसऱ्या गटाला नेहमीची फिजिओथेरपीच मिळाली होती, जी करून थकलेलेच बरेचसे रुग्ण त्यात होते. ब्रिटनमध्ये जेरेमी फेअरबँक आणि सहकाऱ्यांनी 349 रुग्णांत खरी टक्कर लावली. एकीकडे मणके जखडणे आणि दुसरीकडे सुमारे 75 तासांचा व्यायाम, शिवाय दुखण्याची भीती घालवणारे मार्गदर्शन. दोन वर्षांनी ऑस्वेस्ट्रीचा आकडा शस्त्रक्रियेने 46.5 वरून 34 वर आला आणि व्यायामाने 44.8 वरून 36.1 वर. दोहोंतला फरक जेमतेम 4 गुणांचा होता. नॉर्वेतील एका लहान अभ्यासातही व्यायाम आणि शस्त्रक्रिया बरोबरीतच राहिल्या. एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेच्या बाजूने हा पुरावा अपुरा आहे, असेच म्हणावे लागते. तरीही 2002-03 मध्ये अमेरिकेच्या वेगवेगळ्या भागांत मणके जखडण्याच्या प्रमाणात जवळपास वीसपट तफावत होती. दुखण्यात एवढी तफावत असणे शक्य नाही. ती डॉक्टरांच्या मतांत होती.

वयपरत्वे मणक्यातली पोकळी अरुंद होऊन चालताना पाय भरून येतात, तेव्हा दाब काढण्याचा फायदा होतो. त्याच्या जोडीला मणके जखडावेत का? स्वीडनमधील 247 रुग्णांच्या 2016 सालच्या अभ्यासात जखडल्याने काही जास्त मिळाले नाही, रुग्णालयातला मुक्काम मात्र सरासरी 4 दिवसांवरून 7 दिवसांवर गेला. मणका सरकलेला असला तरी अनेकांना नुसता दाब काढणे पुरते, असे 2021 मध्ये नॉर्वेतील अभ्यासाने दाखवले.

एमआरआयबद्दल एक जुना अभ्यास प्रत्येक रुग्णाला माहीत असावा. अमेरिकेत 1994 मध्ये कंबर अजिबात न दुखणाऱ्या 98 जणांचे एमआरआय काढले गेले. निम्म्याहून अधिक जणांच्या एका तरी गादीला फुगवटा होता, आणि सगळ्या गाद्या ठीक असलेले फक्त 36 टक्के होते. अहवालातली ‘झीज’ केस पिकण्याइतकी सामान्य असू शकते. अहवाल आणि लक्षणे जुळतात का, म्हणजे जी नस दबलेली दिसते तिच्याच वाटेने पाय दुखतो का, हे तपासूनच निर्णय व्हायला हवा. शस्त्रक्रिया सुचवली गेली तर रुग्णाने तीन गोष्टी विचाराव्यात: ती पायासाठी आहे की कंबरेसाठी, नुसता दाब काढणार की मणकेही जखडणार, आणि दोन महिने थांबल्यास काय बिघडेल.

काही वेळा मात्र थांबायचे नसते. ताप, उतरणारे वजन आणि रात्री वाढणारी पाठदुखी एकत्र आली तर मणक्याचा क्षय किंवा गाठ नाही ना हे लगेच तपासावे. आपल्या देशात हा धोका विसरून चालत नाही. पावलातली ताकद झपाट्याने कमी होत असेल, लघवी अडत किंवा नकळत होत असेल, बसण्याची जागा बधिर झाली असेल, तर वरचा कोणताही अभ्यास लागू होत नाही. तेव्हा त्याच दिवशी मणक्याची शस्त्रक्रिया होऊ शकेल असे रुग्णालय गाठावे.