पेटीतले मांजर आणि पलंगावरचा मालक

पाळीव मांजराच्या हालचालींना दिवसातून दोनदा जोर चढतो, एकदा दिवेलागणीला आणि एकदा पहाटे झुंजूमुंजू होण्याच्या सुमारास. घुबड किंवा वटवाघूळ ज्या अर्थाने निशाचर आहेत, त्या अर्थाने मांजराला निशाचर म्हणता येत नाही. उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातले आफ्रिकी रानमांजर हा त्याचा पूर्वज. अंधूक उजेडात दबा धरून लहान सावज टिपणे, हा या घराण्याचा धंदा. डोळेही त्याच कामासाठी घडलेले आहेत. माणसाला लागतो त्याच्या सहाव्या हिश्श्याएवढ्या उजेडात मांजराचे भागते. झोप दिवसाकाठी १२ ते १६ तासांची, पण तुकड्यातुकड्यांनी घेतलेली. तेव्हा पहाटे साडेचारला टक्क जागे झालेले मांजर आजारीही नसते आणि खट्याळही नसते.

मात्र मांजराने जागे होणे वेगळे आणि घरातल्यांना जागे करणे वेगळे. पहिली गोष्ट उपजत असते, दुसरी शिकलेली. जागे होण्याच्या वेळासुद्धा वाटतात तितक्या दगडावरची रेघ नसतात. इटलीतल्या मेसिना विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये दोन प्रकारच्या घरांतल्या मांजरांच्या हालचाली नोंदवल्या. लहान घरात, माणसांच्या सतत सहवासात असणाऱ्या मांजरांचे दिवसरात्रीचे वेळापत्रक मालकाच्या वेळापत्रकाकडे झुकले होते. रात्री बाहेर राहणारी मांजरे मात्र रात्रीच जास्त हिंडत होती. अभ्यास मोजक्या मांजरांवरचा आहे, त्यावर फार मोठी इमारत उभारू नये; पण माणसाच्या संगतीने मांजराचे वेळापत्रक वळू शकते, एवढे त्यातून दिसते.

दुसऱ्या, म्हणजे शिकलेल्या गोष्टीचा उलगडा करायला सव्वाशे वर्षे मागे जावे लागते. विज्ञानात पेटीतले मांजर म्हटले की सर्वांना श्रोडिंगर आठवतो. ते मांजर १९३५ मध्ये कागदावर जन्मले आणि कागदावरच राहिले. त्याच्या ३७ वर्षे आधी खरीखुरी, हाडामांसाची, उपाशी आणि चिडलेली डझनभर मांजरे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पेट्यांमध्ये कोंडली जात होती. त्यांची आठवण मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांपलीकडे फारशी कोणी काढत नाही. हे प्रयोग करणारा एडवर्ड थॉर्नडाइक तेव्हा चोविशीतही पोहोचला नव्हता. त्याआधी हार्वर्डमध्ये असताना त्याने भाड्याच्या खोलीत कोंबडीची पिल्ले पाळली होती. घरमालकीण खवळली, तेव्हा विल्यम जेम्ससारख्या ख्यातनाम प्राध्यापकाने ती पिल्ले आपल्या घराच्या तळघरात ठेवू दिली.

त्या काळी प्राण्यांच्या बुद्धीचा पुरावा म्हणजे ऐकीव गोष्टी. जॉर्ज रोमेनीजने १८८२ च्या आपल्या ग्रंथात अशा गोष्टींचा मोठा साठा जमवला होता, आणि दाराची कडी उघडणारे हुशार मांजर त्यात होतेच. थॉर्नडाइकचा आक्षेप रोकडा होता. दारासमोर बसून नुसती केकाटणारी हजारो मांजरे कोणी मोजत नाही. एकाने चुकून कडी काढली की तेच साऱ्या मांजरजातीचे प्रतिनिधी ठरते. (समाजमाध्यमांवरच्या ‘बघा, माझं मांजर किती हुशार’ छापाच्या चित्रफितींना हा आक्षेप आजही जसाच्या तसा लागू पडतो.)

म्हणून त्याने लाकडी फळ्यांच्या पेट्या बनवल्या. साधारण २० इंच लांब, १५ इंच रुंद, १२ इंच उंच. आत भुकेले मांजर, बाहेर मासळीचा तुकडा. कुठे दोरीचा फास ओढायचा, कुठे खिट्टी फिरवायची, की दार उघडे. कोंडलेले मांजर आधी फटीतून पंजा घाली, फळ्या चावे, ओरबाडे, आणि या धडपडीत केव्हातरी पंजा फासात अडके. एका मांजराला पहिल्या खेपेस १६० सेकंद लागले. नंतरचे आकडे कधी वर, कधी खाली, पण एकूण उतरणीला लागलेले. अखेरीस ते सहा-सात सेकंदांवर आले. ही उतरण हळूहळू होती, एकदम कोसळणारी नव्हती, आणि थॉर्नडाइकच्या मते हीच खरी मेख होती. मांजराला ‘युक्ती समजली’ असती, तर वेळ एका झटक्यात घटून तिथेच राहिला असता. ज्या कृतीमागून समाधान मिळते ती टिकते, उरलेल्या झडून जातात. त्याने यालाच पुढे परिणामाचा नियम म्हटले. पाव्हलॉव्हचे कुत्रे जगप्रसिद्ध झाले खरे. पण या वाटेने पहिले पाऊल थॉर्नडाइकने टाकले, हे खुद्द पाव्हलॉव्हने नमूद करून ठेवले आहे.

पहाटेच्या प्रश्नाशी थेट नाते सांगणारी त्यातली एक पेटी फारशी चर्चेत येत नाही. तिला ना दोरी होती, ना खिट्टी. मांजराने स्वतःचे अंग चाटले की प्रयोग करणारा माणूसच दार उघडत असे. अंग चाटण्याचा आणि दार उघडण्याचा काडीमात्र संबंध नाही, तरी मांजरे तेही शिकली. पुढे पुढे तर त्यांनी त्यात कसर करायला सुरुवात केली. नीट चाटणे गेले, जिभेचा ओझरता स्पर्श उरला. जेवढ्यात माणूस दार उघडतो तेवढेच करायचे.

घरातही हेच चालते. उशीजवळ म्यांव करून पाहिले, काही झाले नाही. कपाटावरचा चष्मा खाली पाडला, माणूस उठला. उठला तो स्वयंपाकघरात गेला, वाटीत दाणे पडले. पुढच्या पहाटे म्यांव गळते आणि चष्मा राहतो. बरे, माणसाने उठून खायला दिलेच पाहिजे असेही नाही. ओरडणे, उशी फेकणे, उचलून खाली ठेवणे, हाही एकट्या जाग्या प्राण्याला प्रतिसादच असतो.

बहुतेक घरांत हे रोज घडत नाही, कधीमधी घडते, आणि सवय घट्ट होते ती नेमकी त्यामुळे. चार दिवस दुर्लक्ष करून पाचव्या दिवशी वैतागाने उठणारा मालक मांजराला चिकाटी शिकवत असतो. मटक्याचा आकडा कधीतरी लागतो, म्हणूनच लावणारा रोज लावतो. बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी १९५७ मध्ये कबुतरांवरच्या प्रयोगांचा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. बक्षीस बेभरवशाचे असेल तर सवय सर्वांत उशिरा सुटते, हा धडा त्या प्रयोगांतून पक्का झाला.

आवाजाचा भागही मोठा गमतीचा आहे. ससेक्स विद्यापीठाच्या कॅरन मॅक्कोम्ब यांना त्यांचे पेपो नावाचे मांजर रोज सकाळी आग्रही घुरघुर करून उठवत असे. त्यातून त्यांचा २००९ मधला अभ्यास उभा राहिला. खाणे मागताना काही मांजरांच्या नेहमीच्या खालच्या घुरघुरीत ३८० हर्ट्झच्या आसपासचा एक उंच, रडवा सूर मिसळतो. तान्ह्या बाळाच्या रडण्याची पट्टी यापासून फार दूर नाही. ज्यांनी कधी मांजर पाळले नव्हते, अशा लोकांनाही ही घुरघुर जास्त निकडीची वाटली. यावरून ‘मांजरे बाळाची नक्कल करतात’ अशा बातम्या जगभर झळकल्या. अभ्यास दहा मांजरांवरचा होता आणि नक्कल त्यात कुठेही सिद्ध झालेली नाही. हा सूर मुळात थोडा असतो, आणि ज्या घरात त्याला दाद मिळते तिथे तो वाढतो, एवढेच म्हणता येते. इथेही थॉर्नडाइकच.

पायाला अंग घासणे मात्र या हिशेबात धरू नये. सिॲटलच्या गथ्री आणि हॉर्टन यांनी पेटीतल्या मांजरांच्या दांड्याला अंग घासण्यावर १९४६ मध्ये शिकण्याचा एक अख्खा सिद्धान्त आधारला. १९७९ मध्ये मूर आणि स्टटर्ड यांनी दाखवले की समोर माणूस दिसत असला की मांजरे तसे घासतातच, आणि माणूस नसला की घासत नाहीत. तो नुसता रामराम होता.

उपाय या सगळ्यातूनच निघतात. पहिला, खाणे आणि माणसाचे उठणे यांची गाठ सोडवणे. घड्याळ लावून आपोआप उघडणारे खाण्याचे भांडे मिळते. मग मांजर माणसाकडे न बघता भांड्याकडे बघत बसते. ते शक्य नसेल तर उठल्याबरोबर वाटी भरू नये, चहापाणी, आंघोळ उरकून भरावी. दुसरा, दिवसाची आखणी. झोपण्यापूर्वी दोरी किंवा पिसाच्या खेळण्याने दमेपर्यंत खेळवावे, शेवटी खेळणे पकडू द्यावे आणि लगेच रात्रीचे जेवण द्यावे. शिकार, भोजन, अंग चाटणे, झोप हा मांजराचा ठरलेला क्रम आहे. लेझरचा ठिपका कधीच हाती लागत नाही, म्हणून त्यावर खेळ संपवू नये. रात्रीच्या वाटीत दूधभात हा आपल्याकडचा रिवाज. पण मांजर पक्के मांसाहारी आहे, आणि बहुतेक प्रौढ मांजरांना दुधातली साखर पचत नाही. बिघडलेले पोट घेऊन ते रात्री शांत झोपेल, ही अपेक्षा चूक.

यानंतर संपूर्ण दुर्लक्ष. बक्षीस बंद झाले की पहिले काही दिवस त्रास कमी न होता वाढतो: ओरडणे लांबते, दार ओरबाडले जाते. बहुतेक मालक याच टप्प्यावर हात टेकतात आणि मांजर आणखी जोरात ओरडायला शिकते. निजायच्या खोलीचे दार बंद ठेवा, असे परदेशी पुस्तके सांगतात; मुंबईच्या वन-रूम-किचनमध्ये ती सोय नसते, तिथे कानात बोळे घालून पडून राहावे. पाण्याचा फवारा किंवा चापट यांचा उपयोग नाही. शिक्षेचे वजन बक्षिसाएवढे नसते, हे थॉर्नडाइकनेही १९३० च्या दशकात आपला नियम दुरुस्त करून मान्य केले होते.

दुर्लक्ष सुरू करण्याआधी मात्र शहानिशा हवी. नसबंदी न झालेली मादी माजावर आली की रात्र रात्र ओरडते, आणि तिथे कोणतीच शिकवण चालत नाही. मादीचा माज दिवसाच्या लांबीवर अवलंबून असतो. थंड देशांत हिवाळ्यात तो थांबतो; मुंबईत वर्षातला सर्वांत लहान दिवसही सुमारे ११ तासांचा, त्यामुळे इथे तो बाराही महिने येऊ शकतो. नसबंदी हाच त्यावर इलाज. दहा वर्षांपुढचे, आजवर शांत झोपणारे मांजर अचानक रात्री हंबरल्यासारखे ओरडू लागले, तर थायरॉईडचा जोर, वाढलेला रक्तदाब, सांधेदुखी, बहिरेपण किंवा म्हातारपणातला स्मृतिभ्रंश यांपैकी काहीही असू शकते. यातल्या बहुतेक दुखण्यांवर उपचार आहेत. अशा मांजराकडे दुर्लक्ष करू नये. रक्ततपासणी आणि रक्तदाब मोजण्यासाठी त्याला पशुवैद्याकडे न्यावे.