स्पीकरला कोणता ॲम्प्लिफायर? संशोधन प्रश्न बांधण्याचं एक उदाहरण



पेट झाली, गाईड मिळाले, आता आरआरसीसमोर विषय मांडायचा आहे. या टप्प्यावर बऱ्याच जणांचा प्रश्न "सर्वात चांगलं कोणतं?" असा असतो. सर्वात चांगली अध्यापन पद्धत, सर्वात चांगलं अल्गोरिदम, सर्वात चांगलं खत. असा प्रश्न तपासता का येत नाही, हे आज एका वेगळ्या उदाहरणातून पाहू: महागड्या स्पीकरसाठी ॲम्प्लिफायर निवडणं. इथे चुकीच्या प्रश्नाची किंमत थेट रुपयांत मोजावी लागते. इतर शाखांच्या विद्यार्थ्यांनी दहावीतला ओहमचा नियम आठवला तरी पुरे.

१. आकडा कोणत्या अटीवर मोजलाय?

इंग्लंडच्या बॉवर्स अँड विल्किन्स कंपनीचा ८०२ डी३ हा स्पीकर घ्या. माहितीपत्रकात इम्पिडन्स ८ ओहम लिहिलेला आहे, आणि शेजारी "किमान ३ ओहम" असंही आहे. म्हणजे ८ हा नुसता नाममात्र आकडा. स्पीकरचा इम्पिडन्स वारंवारतेनुसार बदलत राहतो. तो ३ ओहमवर उतरतो तिथे तेवढ्याच व्होल्टेजला जवळपास पावणेतीन पट करंट लागतो. फक्त ८ ओहमला "१०० वॅट" देणारा ॲम्प्लिफायर हा करंट पुरवेलच असं नाही.

दुसरा आकडा सेन्सिटिव्हिटीचा: २.८३ व्होल्ट दिल्यावर १ मीटरवर ९० डेसिबल. ८ ओहमवर २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर १ वॅट, पण ४ ओहमवर तेच २ वॅट होतात. म्हणून "८७ डेसिबल" लिहिलेले दोन स्पीकर सारखे नसतात. ४ ओहमवाल्याला तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट वॅट लागतात. आकडा एकच, अट वेगळी. पेपर वाचतानाही आधी हेच बघायचं असतं.

२. किती वॅट लागतील?

समजा सिडकोतल्या एका रो-हाउसचा हॉल आहे आणि ऐकणारा ३ मीटरवर बसलाय. स्पीकर ८ ओहम, ८७ डेसिबलचे. ३ मीटरवर आवाज साडेनऊ डेसिबलने कमी होतो, दोन स्पीकरमुळे साधारण ३ डेसिबल वाढतो. म्हणजे प्रत्येकी १ वॅटला सुमारे ८० डेसिबल मिळतात. शास्त्रीय गायनाची मैफल घरात ऐकायला एवढा सरासरी आवाज भरपूर झाला.

मग १ वॅट पुरेल का? नाही. तबल्याचा जोरदार ठोका सरासरीच्या खूप वर जातो. त्यासाठी २० डेसिबलची जागा ठेवली तर १०० पट शक्ती लागते, म्हणजे प्रत्येक स्पीकरला ९० ते १०० वॅट. ती नसेल तर लहरीचा माथा छाटला जातो. यालाच क्लिपिंग म्हणतात, आणि मग ठोका फाटका ऐकू येतो.

आता स्पीकर बदला. अमेरिकेतल्या क्लिप्शहॉर्नची सेन्सिटिव्हिटी कंपनी १०५ डेसिबल सांगते. वरच्याच गणिताने तिथे दीड वॅटच्या आसपास पुरतात. उलट अपोजी कंपनीच्या सिंटिला या जुन्या स्पीकरचा इम्पिडन्स सुमारे १ ओहम होता, त्यापुढे भलेभले ॲम्प्लिफायर टेकीला येत. (हॉलच्या फरशी-भिंतींवरून आवाज परततो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे थोडे हलतील. हा अंदाज आहे, पण उपयोगी अंदाज आहे.)

३. खरी गोष्ट आंतरक्रियेची

ॲम्प्लिफायरचाही स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स असतो. तो आणि स्पीकर मिळून व्होल्टेज वाटून घेतात. एखाद्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा २ ओहम धरा आणि स्पीकर ३ ते २० ओहम फिरतोय असं समजा. ३ ओहमच्या ठिकाणी आवाज साडेचार डेसिबलने पडेल, २० ओहमला एका डेसिबलहूनही कमी. म्हणजे साडेतीन डेसिबलचा चढउतार, जो सहज ऐकू येतो. ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरचा ०.०५ ओहम असेल तर हाच चढउतार ०.१२ डेसिबल.

पण स्पीकरचा इम्पिडन्स जवळपास सपाट असेल, तर व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरमध्येही हा दोष दिसणार नाही. म्हणजे दोष एकट्या ॲम्प्लिफायरचा नाही, तो जोडीचा आहे. संशोधन पद्धतीच्या भाषेत ही दोन चलांची आंतरक्रिया. एक चल वेगळं काढून "चांगलं की वाईट" विचारलं की उत्तर हमखास फसवं येतं.

४. "मला फरक ऐकू आला" हा पुरावा आहे का?

किंचित मोठा आवाज आपल्याला "जास्त चांगला" वाटतो. म्हणून तुलना करताना दोन्ही ॲम्प्लिफायरचं व्होल्टेज स्पीकरच्या टोकांवर मोजून सारखं करायचं. ०.१ डेसिबलपर्यंत जुळवायचं तर २.८३ व्होल्टवर फरक ०.०३ व्होल्टच्या आसपासच चालतो. शिवाय कोणता ॲम्प्लिफायर वाजतोय हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये.

१९८५ मध्ये बॉब कार्व्हर या अमेरिकन अभियंत्याने 'स्टिरिओफाइल' मासिकाला आव्हान दिलं. त्यांनी निवडलेल्या महागड्या ॲम्प्लिफायरशी आपला स्वस्त ॲम्प्लिफायर जुळवून दाखवतो, असं ते आव्हान होतं. त्याने दोन्हींच्या आउटपुटमधला फरक मोजत मोजत तो अगदी नगण्य केला. शेवटी संपादकांना ऐकून दोन्ही वेगळे ओळखता आले नाहीत. पुढे कारखान्यात बनलेला नग तपासला, तेव्हा मात्र तेवढी जुळणी मिळाली नाही. एक नमुना जुळला म्हणजे निष्कर्ष सगळ्यांना लागू होत नाही, हा धडाही त्यातच आहे.

५. आता प्रश्न पुन्हा लिहू

"सर्वात चांगला ॲम्प्लिफायर कोणता?" याऐवजी: "किमान ३ ओहमपर्यंत उतरणाऱ्या अमुक स्पीकरवर, ३ मीटर अंतरावर, १०० डेसिबलच्या शिखरापर्यंत, दोन ॲम्प्लिफायरमधला फरक आवाज जुळवून, नाव लपवून ऐकणाऱ्यांना ओळखता येतो का?"

स्वाश्रयी चल: ॲम्प्लिफायर. आश्रयी चल: अचूक ओळखण्याचं प्रमाण. नियंत्रित चल: स्पीकर, खोली, अंतर, आवाजाची पातळी, ध्वनिमुद्रण. प्रश्न लांबला, पण आता "नाही" असंही उत्तर येऊ शकतं. ज्या प्रश्नाचं उत्तर "नाही" येऊच शकत नाही, त्यावर तीन-चार वर्षं घालवू नका.

सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा आधी शीर्षकातला "प्रभावी", "उत्तम", "सर्वोत्कृष्ट" असा शब्द शोधा आणि त्याच्यापुढे तीन गोष्टी लिहा: कोणासाठी, कोणत्या अटीवर, कशाने मोजून? तिन्ही लिहिता आल्या तर विषय तयार आहे. एखादी अडली, तर तिथेच तुमचं पुढच्या महिन्याचं वाचन आहे.