रविवारची ख्रिस्ती उपासना : पाहुण्यासाठीं चार शब्द



दिवाळीच्या फराळाचें ताट रुमालानें झांकून शेजारच्या ख्रिस्ती बिऱ्हाडीं पाठवावयाचें, आणि नाताळांत त्याच घरून करंज्या व केक आले म्हणजे ते आनंदानें घ्यावयाचे, ही रीत आपल्या कोल्हापुरांतील कित्येक घरांच्या परिचयाची आहे. ताटांची ये-जा अशी सुखानें चालते. माणसांची मात्र त्या शेजाऱ्याच्या उपासनामंदिराच्या दारापर्यंतही सहसा होत नाहीं. मग एके दिवशीं शेजारी येऊन सांगतो, "येत्या रविवारीं नातवाचा बाप्तिस्मा आहे, आपण सर्वांनीं चर्चमध्यें यावें." आपण हो म्हणतों, आणि शेजारी गेल्यावर घरांत प्रश्न सुरू होतात. जोडे कोठें काढावयाचे? हात जोडावे कीं नाहीं? प्रसाद पुढें आला तर काय करावें? आणि जो प्रश्न घरांतील वडील मंडळी हळूच विचारतात तो हा, कीं तेथें जाऊन बसल्यानें आपण बाटत तर नाहीं ना? या प्रश्नांचीं उत्तरें आज यथाशक्ति द्यावयाचीं आहेत.

प्रथम हें चर्च आपल्या गांवीं कसें आलें तें थोडक्यांत पाहूं. रॉयल गूल्ड वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ सालीं कोल्हापुरांत आले. १८७० मध्यें त्यांचें काम अमेरिकेंतील प्रेस्बिटेरियन चर्चच्या मिशन मंडळानें आपल्याकडे घेतलें. याच मिशनच्या डॉ. विल्यम वॉन्लेस यांनीं १८९४ मध्यें मिरजेस रुग्णालय काढलें, आणि त्याचें नांव दक्षिण महाराष्ट्रांत घरोघर पोंचलें. पुढें २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपुरास सहा निरनिराळ्या चर्चसंस्था एकत्र होऊन 'उत्तर भारताचें चर्च' स्थापन झालें. कॅथलिक बंधूंच्या मिस्सेचा विधि निराळा आहे, व अलीकडे निघालेल्या लहान स्वतंत्र मंडळ्यांची तऱ्हा आणखी निराळी. आज मी सांगणार आहें तें जुन्या प्रॉटेस्टंट वळणाच्या एखाद्या लहान मराठी मंडळीविषयीं. 'मंडळी' हा शब्द मीं मुद्दाम योजिला आहे. मराठी पवित्र शास्त्रांत चर्च या अर्थीं हाच शब्द येतो. इमारत हें चर्च नव्हे, जमलेलीं माणसें हें चर्च, ही कल्पना त्या शब्दांत आहे. आणि उपासनेचा सारा क्रम समजण्यास तीच किल्ली आहे.

अंबाबाईच्या देवळांत आपण जातों तेव्हां आपल्या सवडीनें जातों, दर्शन घेतों, प्रदक्षिणा घालतों आणि परततों. शेजारीं कोण उभें आहे याच्याशीं आपल्या दर्शनाचा कांहीं संबंध नसतो. ख्रिस्ती उपासना अशी नाहीं. ती ठरलेल्या वेळीं सर्वांनीं मिळून करावयाची असते. ती सुरू झाल्यावर एकाच वेळीं सर्व गातात, एकाच वेळीं सर्व डोळे मिटतात, एकाच वेळीं सर्व उभे राहतात. आपल्याकडे याच्याशीं जुळणारी गोष्ट शोधावयाची तर ती देवळांतील पूजा नसून कीर्तन किंवा भजन होय. अथवा १८६७ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाची साप्ताहिक उपासना होय. म्हणून पहिली सूचना ही, कीं वेळेवर जावें, किंबहुना पांच-दहा मिनिटें आधींच जावें. वेळ शेजाऱ्यास विचारून ठेवावी. उपासना साधारणपणें तास-दीड तास चालते; बाप्तिस्मा असला म्हणजे थोडी अधिक.

दाराशीं गेल्यावर जोड्यांचा प्रश्न दारच सोडवितें. बाहेर जोडे काढलेले दिसले तर आपणही काढावे. लोक जोड्यांसह बाकांवर बसलेले दिसले तर तसेंच आंत जावें. कोठें सतरंजी असते, कोठें बाकें. कांहीं मंडळ्यांत पुरुष एका बाजूस व स्त्रिया दुसऱ्या बाजूस बसतात, कांहींत कुटुंबें एकत्र बसतात. प्रार्थनेच्या वेळीं पुष्कळ स्त्रिया डोक्यावरून पदर घेतात. पाहुण्या स्त्रियांनीं घेतला तर तो आदर समजला जातो, न घेतला तर कोणी बोल लावीत नाहीं. आंत गेल्यावर मूर्ति कोठें दिसावयाची नाहीं. समोर क्रूस असतो, एक मेज असतें, बाजूस शास्त्र वाचण्याचें व उपदेशाचें व्यासपीठ असतें, आणि बाप्तिस्म्याच्या पाण्याचें पात्र असतें. नारळ-फुलें नेण्याचें कारण नाहीं. समोर जाऊन नमस्कार करण्याचीही रीत नाहीं. आपल्या जागीं शांत बसावें एवढेंच.

घंटा झाली म्हणजे उपासना चालविणारे गृहस्थ पुढें येतात. त्यांस 'पाळक' म्हणतात. पाळक विवाहित असतात, संसारी असतात, आणि त्यांची पत्नी व मुलें तुमच्याच पुढच्या बाकावर बसलेलीं असण्याचा संभव आहे. प्रथम शास्त्रांतील एखादें वचन वाचून मंडळीस उपासनेचें पाचारण होतें, आणि पहिलें गीत सुरू होतें. येथें नव्या माणसास बहुधा आश्चर्याचा पहिला धक्का बसतो. त्यानें विलायती सुरांची अपेक्षा केलेली असते, आणि कानांवर येते ती पेटी, तबला आणि अभंगाची चाल! विलायती चालीही आहेत, नाहींत असें नाहीं. पण मराठी ख्रिस्ती गायनाचा प्राण देशी आहे. याचें मोठें श्रेय रेव्हरंड नारायण वामन टिळक यांना आहे. आपल्या कवितेनें महाराष्ट्राला परिचित झालेल्या या कवीनें १८९५ सालीं मुंबईंत बाप्तिस्मा घेतला, आणि १९१९ मध्यें देह ठेवीपर्यंत ख्रिस्ताविषयीं जें गाइलें तें संतांच्या परंपरेंतील ओवी-अभंगांत गाइलें. मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहांत त्यांचीं गीतें मोठ्या संख्येनें आहेत. त्यांच्याही फार आधीं, १६१६ सालीं, गोमंतकांत फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचें सुमारें अकरा हजार ओव्यांचें 'क्रिस्तपुराण' छापून निघालें होतें. तेव्हां ही परंपरा चारशें वर्षांची झाली. तुमच्या हातीं शेजारी गीताचें पुस्तक देईल. गावेंसें वाटलें तर गावें. न वाटलें तर सर्वांबरोबर उभें राहून ऐकावें.

यानंतर पापांगीकार होतो. गेल्या आठवड्यांत विचारानें, वाणीनें व कृतीनें जें चुकलें तें सर्वजण मिळून देवापुढें कबूल करतात, आणि देव क्षमा करतो असें पाळक शास्त्राच्या आधारानें सांगतात. अनोळखी माणसांच्या मध्यें बसून प्रतिष्ठित गृहस्थ, शाळेंतील बाई, रुग्णालयांतील परिचारिका, कचेरींतील शिपाई असे सर्व एकाच सुरांत "आम्ही चुकलों" असें म्हणतांना ऐकणें, हा पाहुण्याच्या दृष्टीनें सबंध उपासनेंतील विचार करावयास लावणारा भाग आहे.

मग शास्त्रपाठ. एक पाठ जुन्या करारांतून, एक स्तोत्र, एक पाठ प्रेषितांच्या पत्रांतून आणि एक शुभवर्तमानांतून, असा पुष्कळ ठिकाणीं क्रम असतो. शुभवर्तमान वाचतांना सर्व उभे राहिले तर आपणही उभें राहावें. पाठ बहुधा मंडळींतीलच कोणी वाचतो; कधीं आजोबा, कधीं शाळकरी मुलगी. हे पाठ मराठींत ऐकूं येतात यामागें पुष्कळांचे श्रम आहेत. विल्यम कॅरी यांच्या श्रीरामपूर येथील छापखान्यांतून १८११ सालीं नवा करार मराठींत निघाला, तो मोडी लिपींत. त्यानंतर भाषांतरें पुनःपुन्हा सुधारण्यांत आलीं. पंडिता रमाबाईंनीं मूळ भाषा शिकून सबंध पवित्र शास्त्राचें स्वतंत्र भाषांतर केलें, आणि १९२२ सालीं त्यांचें देहावसान झालें त्यापूर्वीं तें पुरें केलें.

वाचलेल्या पाठावर पाळक वीस-पंचवीस मिनिटें उपदेश करतात. तो ऐकतांना कीर्तनांतील पूर्वरंग-उत्तररंगाची आठवण व्हावी, असे दृष्टांत त्यांत येतात. त्यानंतर मंडळी उभी राहून मतांगीकार म्हणते. मतांगीकार म्हणजे आपण काय मानतों याचा थोडक्यांत उच्चार. तो पाहुण्यानें म्हणूं नये. त्यांत रुसण्याचें कांहीं कारण नाहीं. जें आपण मानीत नाहीं तें ओठांनीं म्हणणें हा यजमानाचा सन्मान नव्हे, आणि यजमानाचीही तशी अपेक्षा नसते.

पुढें मध्यस्थीच्या प्रार्थना होतात. राष्ट्राच्या राज्यकर्त्यांसाठीं, शेतकऱ्यांसाठीं, पावसासाठीं, परीक्षेस बसलेल्या मुलांसाठीं प्रार्थना होते; आजाऱ्यांचीं नांवें घेतलीं जातात, आणि गेल्या आठवड्यांत ज्या घरीं दुःख झालें त्या घराचें नांव घेतलें जातें. मंडळी लहान असल्यामुळें प्रत्येक नांवामागचा चेहरा सर्वांच्या ओळखीचा असतो. यानंतर अर्पण घेतात. थाळी किंवा कापडी पिशवी हातोहात फिरते. त्यांत सभासद आपापल्या ऐपतीप्रमाणें पैसे टाकतात, व त्यांतून चर्चचा चरितार्थ आणि दानधर्म चालतो. पाहुण्यानें कांहीं टाकलेंच पाहिजे असें नाहीं. थाळी पुढच्यास देऊन टाकावी. खेड्यांतील मंडळ्यांत आणि कापणीच्या सणास धान्य, भाजी, अंडीं, कोंबडीं अशा वस्तूही अर्पण म्हणून येतात, आणि उपासना संपल्यावर त्यांचा मोठ्या हौसेनें लिलाव होतो.

आतां ज्यासाठीं तुम्हांस बोलाविलें तो बाप्तिस्मा. आईबाप बालकास घेऊन पुढें येतात. पाळक त्यांस प्रश्न विचारतात व तीं उत्तरें देतात; मग बालकाचें नांव घेऊन त्याच्या मस्तकावर पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नांवानें पाणी घालतात. यानंतर जें घडतें तिकडे लक्ष द्यावें. सबंध मंडळीसच पाळक विचारतात, कीं या बालकाच्या संगोपनास तुम्ही साहाय्य कराल काय? आणि सर्वजण होकार देतात. एका घरच्या मुलाची जबाबदारी जमलेल्या सर्व माणसांनीं उघडपणें पत्करावयाची, असा हा विधि आहे.

ज्या रविवारीं प्रभुभोजन असतें त्या दिवशीं मेजावर भाकर व द्राक्षारस ठेविलेला असतो. पुष्कळ प्रॉटेस्टंट मंडळ्यांत हें महिन्यांतून एकदां होतें. येशूनें आपल्या मृत्यूच्या आदल्या रात्रीं शिष्यांबरोबर जें भोजन केलें त्याची ही आठवण आहे. हा प्रसाद नव्हे, आणि तो बाप्तिस्मा घेतलेल्या सभासदांसाठींच असतो. पाहुण्यानें आपल्या जागीं बसून राहावें. त्यांत अपमान कोणाचाच होत नाहीं. परंतु तें दृश्य मात्र लक्षपूर्वक पाहावें. ज्या समाजांत पाण्याच्या घोटावरून माणसाची पायरी ठरत होती, ज्या समाजांत १९२७ सालीं महाडास सार्वजनिक तळ्याचें पाणी पिण्यासाठीं सत्याग्रह करावा लागला, त्या समाजांतील निरनिराळ्या जातींतून आलेल्या घराण्यांचे वंशज एका भाकरीचा तुकडा व एका मेजावरील पेय घेत असतात. ही गोष्ट सोपी नव्हती. लक्ष्मीबाई टिळकांनीं 'स्मृतिचित्रें'मध्यें आपल्या मनांतील सोवळें कसकसें गळून पडलें तें मोकळेपणानें सांगितलें आहे. पतीनंतर पांच वर्षांनीं, १९०० सालीं, त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. जातीचा अभिमान चर्चच्या दाराशीं जोड्यांबरोबर गळून पडतो असें समजण्याचें कारण नाहीं. लग्नें जुळवितांना तो ख्रिस्ती घरांतही डोकें वर काढतो, आणि याची खंत विचारी ख्रिस्ती लोकांस आहे. तरीही त्या मेजावर त्यास जागा नाहीं, हें मंडळीस वारंवार स्मरण करून दिलें जातें.

शेवटीं पाळक हात वर करून आशीर्वाद देतात आणि उपासना संपते. यानंतर लगेच निघूं नये. लोक तुमच्याजवळ येतील, हस्तांदोलन करतील, कोणाकडचे म्हणून विचारतील, चहा पुढें करतील. तुमच्या धर्माविषयीं कोणी वाद काढण्याचा संभव कमीच. आणि निघालाच तर "आज मी शेजाऱ्याच्या आनंदासाठीं आलों आहें" एवढें उत्तर पुरे.

आतां राहिला घरांतील वडील मंडळींचा प्रश्न. तेथें बसल्यानें, ऐकल्यानें किंवा चहा घेतल्यानें कोणी ख्रिस्ती होत नाहीं. ख्रिस्ती लोक स्वतःच तसें मानीत नाहींत. प्रौढ मनुष्यानें बाप्तिस्मा घ्यावयाचा तर त्यानें आधीं शिक्षण घ्यावें, आणि सर्वांसमक्ष स्वतःच्या मुखानें आपला विश्वास सांगावा, असा नियम आहे. न कळत कोणी बाटूं शकत नाहीं. उलट आपण गेलों नाहीं तर काय होतें याचाही विचार व्हावा. ज्या शेजाऱ्यानें आपल्या मुलाच्या मुंजींत पंगतीस वाढलें, आपल्या घरच्या दुखण्यांत रुग्णालयांत रात्र जागून काढली, त्याच्या घरच्या सर्वांत आनंदाच्या सकाळीं आपली जागा रिकामी राहते. आणि ती रिकामी कां राहिली हें त्यास बरोबर समजतें, जरी तो तोंडानें बोलत नाहीं तरी.

तेव्हां येत्या रविवारीं स्वच्छ साधे कपडे करून, मुलांना बरोबर घेऊन, पांच मिनिटें आधीं जावें. मुलांना आधींच सांगून ठेवावें, कीं डोळे मिटून प्रार्थना चालली असतां बोलावयाचें नाहीं. बाळासाठीं लहानशी भेट न्यावी. आणि घरीं परतल्यावर वडील मंडळींना बसवून काय काय पाहिलें तें सविस्तर सांगावें. पुढच्या खेपेस बहुधा तींही बरोबर यावयास निघतील.