फडफडणारा दिवा आणि घरातील वडीलधारी माणसे

झोपण्याच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंतच्या बोळातील छताचा दिवा फडफडू लागला की तरुण मंडळी ‘रविवारी बघू’ म्हणतात, आणि आजोबा रविवारपर्यंत थांबत नाहीत. खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळलेले जे वृद्ध मी घरी जाऊन तपासले आहेत, त्यांतील अनेकांच्या दुखण्याची सुरुवात अशाच एखाद्या किरकोळ कामातून झालेली होती. कोणी जळमटे काढत होते, कोणी माळ्यावरचा डबा उतरवत होते, कोणी बल्ब बदलत होते.

मुलांना हे काम तातडीचे वाटत नाही, कारण त्यांना त्या बोळात पुरेसे दिसते. वाढत्या वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान राहू लागते आणि आतील भिंग पिवळसर होत जाते. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जितका प्रकाश पोहोचतो, त्याच्या सुमारे एक तृतीयांशच साठीच्या डोळ्यात पोहोचतो. म्हणून मुलाला जो नुसता मंद उजेड वाटतो, तो वडिलांच्या दृष्टीने जवळजवळ अंधार असतो. आणि रात्री लघवीला दोनदा उठावे लागते ते वडिलांना.

दिव्याकडे वळण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: ही लुकलुक घरातील इतरांनाही दिसते का? इतरांना दिसत नसेल, तर दोष डोळ्यात असू शकतो. एकेक डोळा झाकून पाहावे. एकाच डोळ्यासमोर विजेसारखे लखलखणे, काळे ठिपके अचानक वाढणे किंवा कडेने पडदा सरकल्यासारखे वाटणे ही डोळ्याचा आतील पडदा फाटत असल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

दिवा खरोखरच फडफडत असेल, तर निदान जमिनीवर उभे राहूनच करता येते. घरभर सगळेच दिवे फडफडत असतील, तर बल्ब बदलून काहीही साधणार नाही. मुख्य जोडणी कुठे तरी सैल असण्याचा संभव असतो. वीज कंपनीला किंवा वायरमनला कळवावे. पाण्याचा पंप किंवा फ्रिज सुरू होताना दिवा क्षणभर मंद होत असेल, तर तो भार अचानक वाढल्याचा परिणाम असतो. भिंतीवरचे बटण गरम लागत असेल, त्यातून चरचर ऐकू येत असेल किंवा जळका वास येत असेल, तर दिवा ताबडतोब बंद करावा आणि वायरमन येईपर्यंत लावू नये, कारण सैल जोडणीत ठिणग्या पडत असतात. यांतील काहीच नसून एकच दिवा फडफडत असेल, तर बहुधा बल्ब होल्डरमध्ये सैल बसला आहे किंवा त्याचे आयुष्य संपले आहे. जुन्या पद्धतीची ट्यूब असेल, तर आधी स्टार्टर बदलून पाहावा. तिची टोके काळवंडली असतील, तर ट्यूबच बदलावी.

आता चढायचे कोणी? सत्तरी ओलांडलेल्यांनी चढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते अनेक आजोबांना आवडत नाही. मान मागे टाकून वर पाहताना कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा काही जणांना दगा देते आणि घर गरगरू लागते. रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या व झोपेच्या गोळ्या त्यात भर घालतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डोक्याला लागलेला साधा मारही गंभीर ठरू शकतो. माझ्या ओळखीच्या 74 वर्षांच्या एका निवृत्त शिक्षकांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चढून बल्ब अगदी व्यवस्थित बसवला. ते पडले उतरताना. दुहेरी भिंगाच्या चष्म्याचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो, त्यातून पाहिले की पायाखालची जमीन अस्पष्ट दिसते. ‘मुलाला दोनदा सांगितलं होतं, तिसऱ्यांदा सांगायचा संकोच वाटला,’ असे ते मला म्हणाले. मुला-सुनांनी हे वाक्य ध्यानात ठेवावे. वडील तिसऱ्यांदा सांगत नाहीत, याचा अर्थ दिवा दुरुस्त झाला असा नसतो.

जो कोणी चढेल, त्याने काम दिवसाउजेडी करावे. भिंतीवरचे बटण बंद करणे पुरेसे नाही. काही घरांत वायरिंग उलटे झालेले असते आणि बटण बंद असतानाही होल्डरमध्ये वीज राहते. म्हणून त्या खोलीचा एमसीबी किंवा मेन स्विचच खाली पाडावा. बल्ब थंड होऊ द्यावा. पायांत रबरी चप्पल असावी, पण ती सुटी, घसरणारी नको. प्लॅस्टिकची खुर्ची किंवा पलंगावर ठेवलेले स्टूल मुळीच नको. चारही पाय टेकणारी शिडी घ्यावी आणि ती दुसऱ्या माणसाने धरावी. खटक्याचा बल्ब हलकेच वर दाबून डावीकडे फिरवला की सुटतो. होल्डर काळा पडलेला किंवा वितळलेला दिसला, तर नवा बल्ब न लावता खाली उतरावे आणि वायरमनला बोलवावे. 9 वॅटचा एलईडी जुन्या 60 वॅटच्या बल्बइतका उजेड देतो. बोळासाठी त्याहून मंद दिवा घेऊ नये. पूर्ण बंद काचेच्या गोळ्यात एलईडी तापतो व लवकर जातो.

इतके करूनही कोणी पडलेच, तर हात धरून उठवण्याची घाई करू नये. एक पाय आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळले असेल, तर खुब्याचे हाड मोडले आहे असे समजावे, रुग्णाला तसेच झोपवून ठेवावे आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याच्या डोक्याला मार लागला असेल, तर तो ‘मला काही झालं नाही’ म्हणत असला तरी त्याला रुग्णालयात न्यावे.

दिवा दुरुस्त होईपर्यंत पलंग ते न्हाणीघर या वाटेवर प्लगमध्ये बसणारा छोटा रात्रीचा दिवा लावावा आणि उशाशी टॉर्च ठेवावी. वायरमन घरी आलाच आहे, तर बोळातील दिव्याची जागाही त्याच्याकडून बदलून घ्यावी. छताऐवजी भिंतीवर, जमिनीवर उभे राहून आजींचाही हात पोहोचेल इतक्या उंचीवर होल्डर बसवता येतो.