खिलाडूवृत्तीचाही सराव हवा

बिदर जिल्ह्यातील भालकी, औराद, बसवकल्याण आणि कलबुरगी जिल्ह्यातील आळंद हे तालुके महाराष्ट्राच्या सीमेला लागून आहेत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हा प्रदेश मराठवाड्यासह हैदराबाद राज्यात होता. येथे कन्नड, मराठी आणि उर्दू बोलणारी मुले आजही एकाच मैदानावर उतरतात. अशा संघाला खिलाडूवृत्ती कोणत्या भाषेत शिकवावी? खरे तर ती उपदेशाने येत नाही; सर्व्हिसप्रमाणे तिचाही सराव करून घ्यावा लागतो.

व्हॉलीबॉलमध्ये तिची कसोटी जाळ्यापाशी लागते. स्मॅश अडवणाऱ्याच्या बोटांना निसटता स्पर्श करून चेंडू बाहेर गेला, तर गुण प्रतिस्पर्ध्याला मिळतो. स्पर्श झाला नसेल, तर आपल्याला. पंचाच्या नजरेतून सुटलेला हा स्पर्श खेळाडूला मात्र जाणवलेला असतो. मोठ्या स्पर्धांत चित्रफीत तपासता येते. शाळेच्या मैदानावर खेळाडूचा प्रामाणिकपणा हाच पुरावा असतो. आंतरराष्ट्रीय महासंघाने २०२३ च्या नेशन्स लीगमध्ये असा स्पर्श आपणहून मान्य करणाऱ्यांसाठी हिरवे कार्ड आणले, ते याच गुणाच्या गौरवासाठी.

नियमही हेच वळण लावतात. पंचाकडे खुलासा मागण्याचा अधिकार केवळ मैदानावरील कर्णधाराला असतो. उद्धट वर्तनाला लाल कार्ड मिळाले, की प्रतिस्पर्ध्याला गुण आणि सर्व्हिस दोन्ही मिळतात. एकाचा राग साऱ्या संघाला भोवतो.

यासाठी प्रशिक्षकाने काही सराव सामने पंचांविना खेळवावेत. ज्याला स्पर्श झाला, त्यानेच हात वर करावा. कर्णधारपद आळीपाळीने द्यावे, म्हणजे प्रत्येकाला संयमाने विचारण्याची सवय लागेल. पंचाची ‘स्पर्श झाला’ ही खूण, म्हणजे उभ्या बोटांवरून दुसऱ्या हाताचा तळवा फिरवणे, मुलांना शिकवावी. तिला कोणत्याच भाषेची अडचण नसते. गोव्यातील बहुभाषिक शाळांनाही हे सहज जमेल.

मात्र खरी परीक्षा प्रशिक्षकाचीच असते. २३-२४ अशा पिछाडीवर मुलाने प्रामाणिकपणे हात वर केला, तर सेट हातचा जातो. त्या क्षणी प्रशिक्षक रागावला, तर महिनोन्‌महिन्यांची शिकवण वाया जाते. त्याने पाठ थोपटली, तर ते मूल पुढच्या सामन्यातही हात वर करील.