एका कानानं ऐकताना

मागं एकदा बचतगटाच्या बैठकीत आम्ही एका ताईला हप्त्याचा हिशेब तीनदा विचारला. तिनं मान वर केली नाही. कोणीतरी म्हणालं, "हिले आता आपल्याशी बोलायचंच नाही." आम्ही बसलो होतो तिच्या डाव्या बाजूला आणि तिचा डावा कान ऑपरेशनपासून पूर्ण बंद आहे. कान एकच गेलेला म्हणून आमच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

तिच्या कानाच्या नसेवर गाठ होती. डॉक्टर तिला अकुस्टिक न्यूरोमा म्हणतात. ही कॅन्सरची गाठ नव्हे, अंगभर पसरत नाही. पण मोठी झाली की मेंदूला दाबते. ऐकण्याच्या नसेशेजारूनच तोलाची नस जाते, आणि चेहरा हलवणारी नसही तिला चिकटून. म्हणून गाठ निघाली तरी त्रास मागं राहू शकतो. तोंड वाकडं झालं की गावात कोणी वारं म्हणतं, कोणी करणी. करणी कसली! पोरं मोबाईलवर हिरवा हल्क बघतात ना, त्या मार्क रफालो नावाच्या नटालाही 2001 मध्ये हीच गाठ निघाली. चेहरा बरेच महिने लुळा होता, तो सुधारला. डावा कान मात्र कायमचा गेला.

नसच गेल्यावर कानात कोमट तेल घालून काही होत नाही. एका कानानं आवाज येतो, पण कुठून आला ते कळत नाही. मागून ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला की ताई भलत्याच बाजूला सरकते. चारजणी एकदम बोलल्या की सगळे शब्द मिसळतात. आता बैठकीत तिचा बंद कान भिंतीकडे असतो आणि आम्ही एकेकजण बोलतो. (हे दुसरं अजून नीट जमत नाही.)

तोल सांभाळायला डोळे, पाय आणि कान लागतात. एका बाजूचा कान गेला तरी मेंदू बाकीच्यांवर काम भागवायला शिकतो. पण त्यासाठी हिंडावं-फिरावं लागतं, डॉक्टरांनी शिकवलेले मान-डोळ्यांचे व्यायाम करावे लागतात. अंधारात डोळ्यांचा आधार सुटतो. रात्री ओलिताला धुऱ्यावरून जाताना ताई झोकांडली, तर लोक म्हणाले, पिऊन आली. हातात बॅटरी आणि काठी हवीच. विहिरीच्या काठावर एकटीनं जाऊ नये.

सगळ्यात जपायचा तो डोळा. पापणी मिटत नसेल तर बुबुळ कोरडं पडतं. दिवसा डॉक्टरांनी दिलेले थेंब, रात्री मलम लावून पापणी चिकटपट्टीनं बंद. कापूस वेचताना आणि चुलीपुढं चष्मा. कधीकधी डोळ्याची जाणीवही कमी झालेली असते, मग जखम झाली तरी दुखत नाही. म्हणून रोज आरशात बघायचं. लाल दिसला, धूसर झालं, की त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडं.

दिव्यांग प्रमाणपत्राचं विचाराल, तर 2016 च्या कायद्यात बहिरेपण दोन्ही कानांचं धरतात. दुसरा कान चांगला असेल तर तेवढ्यावर 40 टक्के भरत नाहीत. आम्हाला हे पटत नाही, पण खेटे घालण्याआधी माहीत असावं.

आणि एमआरआयची तारीख चुकवू नका. चेहऱ्याची नस वाचावी म्हणून कधी गाठीचा तुकडा मुद्दाम ठेवलेला असतो, त्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागतं. जाताना जुन्या फिल्मा सोबत न्या.